उद्यांचा भार



आजच्या भाषणाचा विषय चिंता हा आहे. या विषयावर बोलण्यास विशेष विद्वत्ता लागते असें नाहीं. ज्याला घर आहे, मुलेंबाळें आहेत, किंवा नुसतें शरीर आहे, त्याला या विषयाचा अनुभव असतोच. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. आयुष्यभर मुलांना व्याकरण आणि अंकगणित शिकविलें. तेव्हां तत्त्वज्ञानाचा आव मी आणणार नाहीं. पण मी जन्मानें व विश्वासानें ख्रिस्ती आहें, आणि चिंतेनें घेरलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्मग्रंथांत काय सांपडतें हें मी, कधीं दुसऱ्यांसाठीं व पुष्कळदां स्वतःसाठीं, शोधीत आलों आहें. तें आपणांसमोर मांडावें एवढाच हेतु. आपणांपैकीं बहुतेक जण ख्रिस्ती नाहींत हें मी जाणतों. कोणी आपला धर्म सोडावा असें सांगण्यासाठीं मी येथें बसलों नाहीं. शेजाऱ्याच्या घरीं एकाद्या दुखण्यावर कोणता काढा देतात हें विचारून घेण्यास जेवढी हरकत असते, तेवढीच हें ऐकण्यास असावी.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मास्तरांची ती खोडच आहे. मराठींत 'काळजी' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या क्रियापदांशीं जोडतों. आपण काळजी घेतों आणि काळजी करतों. आजारी मुलाच्या उशाशीं बसून आई वेळेवर औषध पाजते, कपाळावरची ओली घडी बदलते, हें काळजी घेणें झालें. तीच आई, मूल शांत झोपल्यावर, याला कांहीं झालें तर काय, या एका विचाराभोंवतीं पहांटेपर्यंत फिरत राहते, हें काळजी करणें होय. पहिलीनें मुलाला आराम पडतो; दुसरीनें मुलाचा ताप एका अंशानेंहि उतरत नाहीं, आईचें रक्त मात्र आटतें. मौज अशी कीं ज्या ग्रीक भाषेंत नवा करार लिहिला गेला तिच्यांतहि या दोन्ही अर्थांनीं एकच क्रियापद वापरलेलें आढळतें. जेथें येशू ख्रिस्त चिंता करूं नका असें सांगतो तेथें तें क्रियापद आहे. आणि जेथें प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याची, हा मनापासून तुमची काळजी वाहील, अशी शिफारस करतो तेथेंहि तेंच आहे. म्हणजे दोष काळजींत नाहीं. ती कोठें व कशी खर्च होते यांत आहे. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढचा पुष्कळसा गोंधळ टळतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत डोंगरावरील प्रवचनाचा जो भाग आहे तो चिंतेविषयींचा सर्वांत प्रसिद्ध उतारा. खरें सांगावयाचें तर सर्वांत अधिक लोकांना चीड आणणाराहि तोच आहे. आकाशांतल्या पांखरांकडे पहा, तीं पेरीत नाहींत कीं कापणी करीत नाहींत. रानांतल्या फुलांकडे पहा, तीं सूत काढीत नाहींत. असा त्याचा आशय. ज्याच्या घरीं महिनाअखेर डबे वाजूं लागले आहेत त्याला हें ऐकून राग आल्यास मी त्याला दोष देणार नाहीं. पोट भरलेल्या माणसानें उपाशी माणसाला फुलें दाखवावीं, यापरता क्रूरपणा कोणता?

परंतु हें कोणी कोणाला सांगितलें तें पाहिलें पाहिजे. बोलणारा सुताराच्या घरांत वाढलेला होता, आणि ऐकणाऱ्यांत गालीलांतले कोळी, कुळें व मजूर होते. त्या देशीं मजुराला रोजची मजुरी रोज मिळे. गरीब मजुराचा पैसा सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्या हातीं पडावा अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञाच आहे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. याच शुभवर्तमानांत पुढें द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे, त्यांतहि संध्याकाळीं मजुरांना बोलावून प्रत्येकाला एकेक दिनार दिल्याचें वर्णन आहे. येशूनें शिष्यांना शिकविलेली प्रार्थना भाकर मागते ती आजची. वर्षाचें धान्य मागत नाहीं. असे रोजावर जगणारे लोक समोर बसले असतां तो उद्यांविषयीं बोलत होता. ही श्रीमंताची गरिबाला शिकवण नव्हे. रोजच्या माणसानें रोजच्या माणसांना सांगितलेली ती गोष्ट आहे. आणि तो उद्यांचा दिवस सुखाचा जाईल असें मुळींच म्हणत नाहीं. उलट, प्रत्येक दिवसाला त्याचें स्वतःचें दुःख पुरेसें असतें असें तो स्पष्ट मान्य करतो. त्याचा मुद्दा हिशेबाचा आहे. आजच्या मजुरींत आजचाच खर्च भागतो. तींतून उद्यांचा भागवूं गेल्यास आजहि बुडतो आणि उद्यांहि.

इंग्रजी वाचणाऱ्यांचा येथें आणखी एक गैरसमज होत आला आहे. १६११ सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत या ठिकाणीं जो शब्द योजिला आहे त्याचा साधा अर्थ विचार असा होतो. त्यामुळें उद्यांचा विचारच करूं नये, विमा उतरूं नये, बियाणें राखूं नये, असा उपदेश यांत आहे अशी कित्येकांची समजूत झाली. वस्तुतः त्या काळच्या इंग्रजींत त्या शब्दाला मन कुरतडणारी चिंता असाहि अर्थ होता. पुढें तो मागें पडला आणि वाक्य मात्र तसेंच राहिलें. भाषा बदलली म्हणजे उपदेशहि कसा वाकडा होतो याचें हें चांगलें उदाहरण आहे. बुरूज बांधावयास निघालेला शहाणा माणूस आधीं बसून खर्चाचा अंदाज करतो, असा दृष्टान्त येशूनेंच दिलेला लूकाच्या शुभवर्तमानांत आहे. आणि जुन्या करारांतल्या योसेफानें तर मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरविला, म्हणूनच पुढच्या सात दुष्काळी वर्षांत लोक वांचले. ही दूरदृष्टि म्हणजे काळजी घेणें होय; तिच्यावर कोणाचाच आक्षेप नाहीं.

पांखरांविषयीं आणखी एक गोष्ट, कारण ती अंकगणिताची आहे. मत्तय सांगतो कीं दमडीला दोन चिमण्या विकत मिळतात. लूक सांगतो कीं दोन दमड्यांना पांच मिळतात. आमच्या वेळचा इयत्ता तिसरींतला मुलगाहि त्रैराशिक मांडून सांगेल कीं एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार. मग पांचवी कोठून आली? ती वर घातलेली, जशी भाजीवाली चार जुड्यांवर एक मोकळी काडी घालते तशी. बाजारांत तिला किंमतच नाहीं. आणि त्या पांचांपैकीं एकहि देवाला विसर पडलेली नाहीं असें तेथें म्हटलें आहे. मात्र नीट वाचा. चिमणी पडणार नाहीं असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. मत्तयाच्या उताऱ्यांत चिमणी जमिनीवर पडण्याची गोष्ट उघड उघड आलेली आहे. ती पित्याच्या नकळत पडत नाहीं, इतकेंच आश्वासन. ज्यांनीं आपलें लेंकरूं गमावलें आहे, नोकरी गमावली आहे, त्यांना वाईट कांहीं घडणारच नाहीं असें सांगणारा धर्म फार दिवस पुरत नाहीं. पडण्याची शक्यता मान्य करून बोलणाऱ्या शब्दांवरच अशा वेळीं भार टाकतां येतो.

आपल्या महाराष्ट्रांत या पांखरांच्या उपदेशाप्रमाणें अक्षरशः वागलेला एक मनुष्य होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा; १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला; पुढें त्यांचें वास्तव्य मुख्यतः अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, होतें. फुलामुलांचे कवि म्हणून आपण सर्वच त्यांना ओळखतों. हाताशीं असलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन मोकळें व्हावें हा त्यांचा स्वभाव. १९१७ सालीं त्यांनीं अमेरिकन मिशनची पगारी नोकरीहि सोडली आणि 'देवाचा दरबार' या आपल्या कार्याला वाहून घेतलें. पांखरूं झाले म्हणा ना! परंतु पांखराच्या घरीं चूल असते आणि ती कोणाला तरी पेटवावी लागते. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, तीं ज्यांनीं वाचलीं असतील त्यांना त्या चुलीजवळची बाजू ठाऊक आहे. पति अचानक धर्मांतर करतो, पांच वर्षें संसाराची वाताहत होते, १९०० सालीं त्याहि बाप्तिस्मा घेतात, आणि त्यानंतरहि महिन्याचा मेळ बसविण्याचें काम त्यांच्याच पदरीं राहतें.

मला वाटतें, चिंतेवरील ख्रिस्ती शिकवणीचा विचार करतांना आपण बहुधा टिळकांचाच आदर्श डोळ्यांसमोर ठेवतों आणि लक्ष्मीबाईंना विसरतों. एकाची निश्चिंतता कित्येकदां दुसऱ्याच्या चिंतेवर उभी असते. घरांतल्या कर्त्या पुरुषानें 'देव पाहून घेईल' असें म्हणून पाय पसरावे आणि घरच्या बाईनें रात्रभर बेरीज-वजाबाकी करावी, याला मी श्रद्धा म्हणणार नाहीं. टिळकांविषयींचा माझा आदर यामुळें कमी होत नाहीं. त्यांनीं स्वतःसाठीं कांहीं राखलें नाहीं हें तितकेंच खरें आहे. पण माझ्या मतें या प्रकरणांत अधिक मोठी श्रद्धा लक्ष्मीबाईंची. त्यांना भीति वाटत होती, त्यांनीं ती लपविली नाहीं, तिला हंसल्याहि, आणि काम चालू ठेवलें. टिळक १९१९ सालीं वारले, आणि त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य, जिला शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नव्हतें अशा या बाईनें पुरें केलें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून कठोर आहे. आईबाप व बहीण १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत गेलीं, १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेला. चोविशी पुरी होण्याआधीं तान्ह्या मुलीसह त्या एकट्या उरल्या. उद्यांची भीति वाटावयास एवढें कारण फारच थोड्यांना असेल. पुढें पुणें जिल्ह्यांत केडगांवास त्यांनीं मुक्ति मिशन उभें केलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून अनाथ मुलींना त्यांनीं तेथें आणिलें, आणि १९०० च्या सुमारास तेथें दीड हजार माणसें व शंभराहून अधिक गुरें होतीं. इतक्या तोंडांचा घास प्रार्थनेवर अवलंबून आहे असें त्या म्हणत आणि त्याच वेळीं शेती करवीत, विणकाम शिकवीत, छापखाना चालवीत. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलांत गेल्या; मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेलें त्यांचें मराठी बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें. मुलीच्या मागें राहिलेल्या त्या कांहीं महिन्यांतहि तें काम थांबलें नव्हतें.

अशा माणसांचीं चरित्रें ऐकून सामान्य माणूस कधीं कधीं अधिकच खचतो. आपण एवढे खंबीर नाहीं, म्हणजे आपली श्रद्धाच कमी, असें त्याला वाटूं लागतें. त्याच्यासाठीं मी एलीयाची गोष्ट सांगतों. एलीया हा जुन्या करारांतला मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर सगळ्या राष्ट्रादेखत त्याचा विजय झाला, आणि लगेच ईजबेल राणीनें जिवे मारण्याची धमकी दिली तेव्हां तोच एलीया जीव घेऊन रानांत पळाला. एका झुडपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. आतां देवानें काय करावें? माझ्यासारख्या मास्तराला विचाराल तर त्याला चार शब्द सुनवावे असें वाटलें असतें. पण तसें कांहीं झालें नाहीं. तो झोपला. देवदूतानें त्याला स्पर्श करून उठविलें. उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. तो जेवला आणि पुन्हां झोपला. दुसऱ्यांदा उठविलें तेव्हांहि सांगितलें तें एवढेंच कीं खा, तुला चालायचें आहे तें अंतर लांब आहे. उपदेश नाहीं, दोषारोप नाहीं. पुढें चाळीस दिवसांनीं होरेब डोंगरावर काय तें बोलणें झालें. झोप, अन्न, पाणी हीं आधीं आणि ईश्वरी भाषण मागून, हा क्रम फार विचार करण्यासारखा आहे. चार रात्रीं न झोपलेल्या माणसाला ब्रह्मज्ञान सांगूं नये.

आणि श्रद्धा कमी म्हणून चिंता, असें ज्यांना वाटतें त्यांनीं गेथशेमाने बागेंतली रात्र पहावी. पांखरांचा व फुलांचा उपदेश ज्यानें केला तोच तेथें व्याकूळ झालेला आहे. त्यानें पेत्र आणि जब्दीचे दोन मुलगे अशा तिघांना बरोबर घेतलें, माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असें त्यांना उघड सांगितलें, आणि थोडा वेळ माझ्याबरोबर जागे रहा अशी विनंती केली. हें संकट टळावें म्हणून त्यानें एकदां नव्हे, तीनदां प्रार्थना केली. एकच प्रार्थना पुन्हां पुन्हां करणें हें अविश्वासाचें लक्षण समजणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. संकट टळलें नाहीं. सोबती तर तिन्ही वेळां झोपलेले आढळले.

या कथेंत मला सर्वांत अधिक लागतें तें सोबत मागणें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या रात्रीं रुग्णालयाच्या ओसरीवर मी बसलों होतों. प्रार्थना करूं गेलों तर शब्द येईनात. दहाच्या सुमारास आमच्या शाळेंतले संस्कृतचे शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे शास्त्रीबुवा म्हणत असूं, काठी टेकीत आले आणि बाकावर शेजारीं बसले. त्यांनीं धीराचे शब्द बोलले नाहींत, गीतेंतलें कांहीं सांगितलें नाहीं, बायबलांतलें त्यांना ठाऊक नव्हतें. पहांटे तीन वाजतां थर्मासांतला चहा पेल्यांत ओतून, 'मास्तर, घ्या,' एवढेंच म्हणाले. उजाडेपर्यंत त्यांनीं डोळा मिटला नाहीं. पेत्राला जें साधलें नाहीं तें त्या वृद्ध ब्राह्मणानें केलें. पत्नी बरी होऊन घरीं आली. पण ती न येती तरी त्या रात्रीचें ऋण तेवढेंच राहिलें असतें.

आतां पौलाकडे वळूं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत कशाचीहि चिंता करूं नका असा त्याचा उपदेश आहे, आणि तो पुष्कळांच्या घरीं भिंतीवर चौकटींत लावलेला असतो. चौकटींत न मावणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतों. पहिली, हें पत्र तुरुंगांतून लिहिलेलें आहे; सुटका होईल कीं देहान्त, हें लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतें. दुसरी, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत एपफ्रदीत नांवाच्या मनुष्याचा उल्लेख आहे. फिलिप्पै येथील मंडळीनें पौलासाठीं पाठविलेली मदत घेऊन तो आला होता आणि इकडे मरणोन्मुख आजारी पडला. तो बरा झाल्यावर पौल त्याला परत पाठवितो आणि लिहितो कीं तुम्हांला त्याला पाहून आनंद व्हावा व माझेंहि दुःख हलकें व्हावें. म्हणजे कशाचीहि चिंता करूं नका म्हणणाऱ्याच्या मनावर चिंतेचें ओझें होतेंच. तिसरी, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल आपण सोसलेले फटके, तीन वेळां फुटलेलीं गलबतें, भूक, थंडी यांची यादी देतो आणि शेवटीं म्हणतो कीं या सर्वांवर रोज येणारा भार म्हणजे सगळ्या मंडळ्यांची चिंता. तेथें त्यानें वापरलेलें नाम, मघांशीं सांगितलेल्या क्रियापदाचेंच आहे. तो ढोंगी होता काय? मुळींच नाहीं. त्याचा उपदेश चिंता न जाणणाऱ्याचा नव्हता. ती रोज दाराशीं येते हें जाणणाऱ्याचा होता.

मग त्यानें उपाय कोणता सांगितला? जें मागावयाचें तें आभारासहित देवापुढें मांडा. आणि त्याचें फळ कोणतें? मागितलेलें मिळेल असें तो तेथें म्हणत नाहीं. देवाची शांति तुमच्या मनाभोंवतीं पहारा करील असें म्हणतो. हा पहाऱ्याचा शब्द लष्करी आहे. फिलिप्पै ही रोमन सैन्यांतून निवृत्त झालेल्या शिपायांना जमिनी देऊन वसविलेली वसाहत होती. तेथल्या लोकांना पहारा म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नव्हती. पहारा शत्रु निघून गेल्यावर बसवीत नाहींत. शत्रु वेशीबाहेर असतां बसवितात.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण ती न बोलल्यामुळें माणसांचे जीव जातात. चिंता जेव्हां आजाराचें रूप घेते, छातींत धडधड, श्वास कोंडणें, आठवडेच्या आठवडे झोप नसणें, जगणें नकोसें होणें असा प्रकार जेव्हां सुरू होतो, तेव्हां प्रार्थनेच्या जोडीला वैद्याची आवश्यकता असते. आज मनाच्या विकारांवर संभाषणाचे व औषधांचे असे दोन्ही प्रकारचे चांगले उपचार आहेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा परंपरेप्रमाणें वैद्यच. पौलाच्या एका पत्रांत त्याचा प्रिय वैद्य म्हणून उल्लेख आहे. तरीहि आमच्या ख्रिस्ती मंडळींत, आणि मला वाटतें आपल्या सर्वांच्याच समाजांत, मनाचें औषध घेणें म्हणजे देवावर अविश्वास अथवा घराण्याची नाचक्की असें मानणारे लोक आहेत. इंग्रज कवि विल्यम कूपर याचें चरित्र त्यांनीं वाचावें. जन्म १७३१, मृत्यु १८००. इंग्रजींतलीं अत्यंत प्रिय अशीं भक्तिगीतें त्यानें लिहिलीं. तीं जॉन न्यूटन याच्या गीतांसह १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं. परंतु १७७३ सालच्या तीव्र दुखण्यानंतर देवानें आपल्याला कायमचें टाकलें आहे ही भ्रांति त्याच्या मनांतून पुन्हां गेली नाहीं. ज्याचीं गीतें गाऊन इतरांना धीर आला त्याला स्वतःला तो मिळाला नाहीं. श्रद्धा कमी होती असें कोण म्हणेल? तो आजारी होता. न्यूटननें त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून सांभाळलें, मेरी अन्विन या बाईंनीं अनेक वर्षें त्याची शुश्रूषा केली. त्यानें ससे पाळले, बागेंत काम केलें, होमरचें भाषांतर केलें, आणि एकुणसत्तराव्या वर्षापर्यंत जगला. त्या काळीं वैद्यकाजवळ फारसें कांहीं नव्हतें. माणसें होतीं, तीं उपयोगीं पडलीं.

शेवटीं माझी स्वतःची रीत सांगतों. ती कोणत्याहि ग्रंथांतली नाहीं, मास्तरी आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं वहीचें पान उभें दुमडून त्याचे दोन भाग करतों. वर, आभाराची म्हणून, त्या दिवसाची एक चांगली गोष्ट लिहितों. कधीं ती, आज नळाला पाणी वेळेवर आलें, एवढीच असते. मग डाव्या बाजूला काळजी घेण्याच्या गोष्टी व उजव्या बाजूला काळजी करण्याच्या. छपराचें एक कौल फुटलें आहे, ही डावीकडे. सकाळीं गवंड्याला निरोप. दूर गांवीं असलेल्या नातवाला नोकरी मिळेल कीं नाहीं, ही उजवीकडे. तें माझ्या हातीं नाहीं. पण त्याला पत्र लिहिणें माझ्या हातीं आहे, म्हणून तेवढें डावीकडे. डावी बाजू उद्यांचें काम म्हणून ठेवून देतों. उजवी बाजू देवापुढें एकेक नांव घेऊन मोठ्यानें वाचतों. माझी पत्नी ऐकते, आणि एकादें नांव राहिलें असल्यास घालते. बहुतेक रात्रीं यानें झोप येते.

कांहीं रात्रीं येत नाहीं. तेव्हां मी स्तोत्रसंहिता उघडतों. तिच्यांत १५० स्तोत्रें आहेत आणि त्यांतलीं पुष्कळशीं स्तुतीचीं नसून गाऱ्हाण्याचीं आहेत. अठ्ठ्याऐंशींव्या स्तोत्रांत तर शेवटपर्यंत उजाडतच नाहीं. शेवटच्या ओळींतहि अंधारच आहे. तें गाळून टाकावें असें संग्रह करणाऱ्यांना वाटलें नाहीं, उपासनेंत म्हणण्यासाठीं त्यांनीं तें राखलें. अशा रात्रीं तें वाचलें म्हणजे, आपल्या आधीं कोणी तरी याच अंधारांत बसून देवाशींच बोलत होता, एवढें तरी कळतें.

ज्यांना हीं वचनें मुळांत पाहावयाचीं असतील त्यांनीं मत्तयाचा सहावा अध्याय व फिलिप्पैकरांस पत्र वाचावें. त्या पत्राचे चारच अध्याय आहेत. मोठ्यानें वाचण्यास पाव तास लागतो. म्हणजे आतां आपण माझ्यासाठीं दिलेल्या वेळाहून थोडा कमीच.